वीज गेल्यावर पाणी कुठे जाईल?

टेंभुर्णीत मे महिन्याच्या रात्री पाण्याच्या आवाजानं जाग आली, तर एक तर नळ आलेला असतो, नाही तर स्वप्न पडलेलं असतं. त्या रात्री दोन्ही नव्हतं. वीज गेली होती, पंखा थांबला होता आणि अंधारात कुठून तरी फरशीवर पाणी पडत होतं. पलंगावरून पाय खाली टाकला तो थेट ओल्यात. नकळत बोट भिजवून जिभेला लावलं. पाणी खारट होतं.

माझ्या भाच्यानं मोठ्या हौसेनं मांडलेल्या समुद्री माशांच्या टाक्यांचं ते पाणी. बादलीभर पाणी खोलीत पसरलं होतं आणि भिंतीशी रचलेल्या माझ्या वह्यांच्या गठ्ठ्यात शिरलं होतं. दोन वह्यांची शाई फुटली. त्याचं फारसं दुःख नाही, त्यातल्या बऱ्याच कविता वाहून जाण्याच्याच लायकीच्या होत्या. पण अम्मी बॅटरी घेऊन आली, फरशीकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘‘इन्सानां को पीने का पानी नै, अन् तुम मछलियां को नमक का पानी पिलारे?’’ भाचा मान खाली घालून फडक्यानं पाणी टिपत राहिला. त्या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर आधी हे पाणी सांडलं का, ते समजून घेणं भाग होतं. मी कलाशाखेचा पदवीधर, पाइपांशी माझं नातं नळ उघडण्यापुरतं. तरी पुढचे दोन महिने मामा-भाचे पाण्याच्या मागे लागलो. त्यातून जे उमगलं ते घरात टाकी मांडणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल.

समुद्र आमच्या गावापासून रस्त्यानं सुमारे चारशे किलोमीटरवर. भाचा मित्रांबरोबर मालवणला गेला, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यात डोकं बुडवून त्यानं प्रवाळ आणि त्यांतून फिरणारे मासे पाहिले आणि परतला तो हे वेड घेऊनच. इथे एक गोष्ट आधीच सांगायला हवी. खडक बांधणारे प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून स्थान आहे. आपल्या समुद्रातून ते काढणं, बाळगणं, विकणं हा गुन्हा आहे. त्यामुळे भाच्याच्या टाकीत प्रवाळ नाहीत. भाजलेल्या मातीचे सच्छिद्र दगड आहेत आणि कैदेत पैदास झालेले नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाउन मासे आहेत. या माशांची पैदास करण्याचं तंत्र आपल्याच केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं बसवलं आहे. पाण्याची व्यवस्था मात्र प्रवाळाच्या टाकीला लागते तशीच.

ही व्यवस्था अशी. वर दोन टाक्या. मोठी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, तिच्यात मासे. लहान दीड फूट लांब आणि एकेक फूट रुंद-उंच. तिच्यात कोळंबी आणि गोगलगायी, म्हणजे मासे त्यांना छळत नाहीत. दोन्हींच्या खाली, कपाटात, तिसरी टाकी: अडीच फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच. दुकानदार तिला ‘संप’ म्हणतात, आपण खालची टाकी म्हणू. वरच्या दोन्ही टाक्यांतलं पाणी नळीनं खाली येतं, तिथे गाळलं जातं, घाण वेगळी होते आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. तीन टाक्यांत मिळून सुमारे अडीचशे लिटर पाणी. लिटरला पस्तीस ग्रॅमच्या हिशेबानं त्यात जवळजवळ नऊ किलो समुद्री मीठ.

टाक्या जोडायच्या कशासाठी? पाणी जितकं जास्त, तितकं ते सावकाश बिघडतं. चाळीस लिटरच्या सुट्या टाकीत एक मासा मेला तर सकाळपर्यंत सगळं पाणी नासतं. अडीचशे लिटरला तोच धक्का सोसवतो. शिवाय गाळणी, हीटर, पंप सगळ्यांना मिळून एकच.

आता पाण्याचा स्वभाव. पहिली गोष्ट म्हणजे वरच्या टाकीतली पातळी पंप ठरवत नाही, सांडवा ठरवतो. धरण ज्यांनी पाहिलंय त्यांना हे सांगायला नको. मशिदीच्या हौदालाही काठाच्या खाली एक तोटी असते. वरून कितीही पाणी सोडा, हौद तिथपर्यंतच भरतो. माशांच्या टाकीत मागच्या बाजूला काचेचा अरुंद कप्पा करतात. पाणी त्याच्या काठावरून आत पडतं आणि तळाशी किंवा पाठीमागच्या काचेला पाडलेल्या भोकातून खाली जातं. भोकात बसवायचा तुकडा म्हणजे गच्चीवरच्या टाकीला लावतात तोच टँक निपल. भोक पाडताना दोन पथ्यं पाळायची. टफन्ड काचेला भोक पडत नाही, ती फुटून भुगा होते. आणि भोकाची कड ते काचेची कड यांच्यामध्ये निदान भोकाच्या व्यासाइतकी काच शिल्लक ठेवायची.

सांडव्याचा फायदा असा, की पंप बंद पडला तर वरचं पाणी सांडव्याच्या काठापर्यंत उतरतं आणि थांबतं. मग आमच्याकडे ते थांबलं का नाही?

कारण पाणी सांडव्यातून आलंच नव्हतं. ते पंपाच्या नळीतून उलटं आलं होतं. बॅरलमधलं डिझेल नळीनं काढताना आपण एकदा तोंडानं ओढतो आणि नळीचं टोक खाली धरतो. पुढे ओढावं लागत नाही. नळीचं वरचं तोंड डिझेलमध्ये बुडालेलं असेतो ते आपोआप येत राहतं. भाच्यानं पाणी चढवणारी नळी मोठ्या टाकीत सहा इंच खोल सोडली होती, आवाज होऊ नये म्हणून. पंप चालू असताना ती पाणी वर नेत होती. वीज गेली आणि तीच नळी डिझेलची नळी झाली.

आम्ही मग वहीच्या कोरड्या पानावर हिशेब केला. मोठ्या टाकीचं पाणी एक इंच उतरलं तर साडेदहा लिटर खाली येतं, लहान टाकीचं एक इंच उतरलं तर साडेतीन लिटर. मोठीचे सहा इंच आणि लहानीचा एक, मिळून सदुसष्ट लिटर. खालच्या टाकीत आठ इंच पाणी होतं आणि वर सात इंच जागा रिकामी, म्हणजे बावन्न लिटरची. सदुसष्टातून बावन्न गेले, राहिले पंधरा. एक बादली. फरशीवर तेवढंच पाणी होतं. त्या रात्री कुणी चोरी केली नव्हती की पंपानं दगा दिला नव्हता. गणितानं आपलं येणं वसूल केलं होतं.

उपाय फुकटचा निघाला. नळीचं तोंड पाण्याच्या पृष्ठभागाच्या जेमतेम खाली आणायचं आणि पृष्ठभागाखाली अर्ध्या इंचावर नळीला तीन-चार मिलिमीटरचं एक भोक पाडायचं. पाणी उतरून ते भोक उघडं पडलं की आत हवा शिरते आणि उलटा ओघ तुटतो. भोकात शेवाळ धरतं, म्हणून दर आठवड्याला जुन्या टूथब्रशनं ते साफ करायचं. ‘त्यापेक्षा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा की,’ असं कुणी म्हणेल. विहिरीवर मोटार चालवणाऱ्याला विचारा. फूटव्हॉल्व्हमध्ये बारीकसा खडा अडकला की पाइप रिकामा होतो आणि मोटार पाणी उचलत नाही. इथे खड्याऐवजी वाळूचा कण असतो, नाही तर गोगलगाय. व्हॉल्व्ह लावायचा तर लावा, पण भरवसा भोकावर ठेवा.

हवेचं हे महत्त्व भाच्याला नीट पटावं म्हणून मी त्याला छत्रपती संभाजीनगरला, पूर्वीच्या औरंगाबादला, पाणचक्की दाखवायला नेलं. मलिक अंबरनं १६१० च्या सुमारास खडकी ही राजधानी केली आणि गावाला पाणी पुरवणारी नहर-ए-अंबरी आणली. पुढे तिथे आणखी नहरी झाल्या. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातली पाणचक्की अठराव्या शतकातली. डोंगराकडच्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या भाजलेल्या मातीच्या नळांतून आणलं, बंद नळातल्या दाबानं उंच भिंतीच्या माथ्यावर चढवलं आणि तिथून हौदात पाडलं. पाण्याच्याच जोरावर जातं फिरायचं आणि फकिरांसाठी, विद्यार्थ्यांसाठी पीठ दळलं जायचं. हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत, त्यामुळे उन्हाळ्यातही दालन गार. हे सगळं पंपाशिवाय आणि विजेशिवाय. या नहरींच्या वाटेवर ठिकठिकाणी उंच मनोरे आहेत. नळात कोंडलेली हवा त्यांतून निघून जावी, दाब आवरावा, गाळ बसावा यासाठी ते. बंद नळात हवा कुठून येणार आणि कुठून जाणार, याचा विचार त्या कारागिरांनी पाण्याइतकाच केला होता. भाचा बराच वेळ त्या भिंतीकडे पाहत उभा राहिला. मग म्हणाला, ‘‘मामू, माझं भोक म्हणजे हाच मनोरा.’’ मला हेवा वाटला. ही ओळ मला सुचायला हवी होती.

आता दुसरा धोका. पंप चालू आहे, पण खाली येणारी नळी तुंबली. एखादं शेवाळाचं पान, एखादी गोगलगाय तोंडाशी अडकली. पंपाला त्याचं काय? तो चढवतच राहतो आणि वरची टाकी काठावरून वाहते. म्हणून प्रत्येक वरच्या टाकीला दोन नळ्या हव्यात. एक रोजची आणि एक राखीव. राखीव नळीचं तोंड रोजच्या पाण्यापेक्षा अर्धा-एक इंच वर ठेवायचं. तिला व्हॉल्व्ह लावायचा नाही, जाळी लावायची नाही, ती रोज कोरडीच राहायला हवी. तिचं खालचं टोक खालच्या टाकीतल्या पाण्याच्या वर उघडं ठेवायचं. म्हणजे ज्या दिवशी तिच्यातून पाणी पडेल त्या दिवशी धबधब्याचा आवाज येईल आणि कुठेतरी तुंबलंय हे घरभर कळेल. रोजच्या नळीचं टोक मात्र पाण्यात एखादा इंच बुडवावं, म्हणजे गुळगुळ आवाज होत नाही. मोठ्या टाकीला दीड इंची आणि लहानीला एक इंची पाइप आम्हाला पुरला.

दोन टाक्यांच्या उतरत्या नळ्या वाटेत एकत्र करायच्या नाहीत. प्रत्येकीची वाट स्वतंत्रपणे खालच्या टाकीपर्यंत न्यायची. एकत्र केल्या तर एका जागी तुंबलं की दोन्हींचं पाणी अडतं. काही जण शेजारशेजारच्या दोन टाक्या उलट्या ‘यू’ नळीनं काठावरून जोडतात. दिसायला ते सोपं. पण नळीच्या माथ्यावर हळूहळू हवेचे बुडबुडे साठतात, एके दिवशी धार तुटते आणि एक टाकी भरून वाहते, दुसरी रिती होते. पाणचक्कीच्या नळात हवेला वाट होती, या नळीत नाही.

वर जाणारं पाणी वाटायचं कसं? हे आमच्या गावच्या ठिबकवाल्यानं एका मिनिटात सांगितलं. मुख्य पाइपाला ‘टी’ लावायची, प्रत्येक फाट्याला स्वतंत्र बॉल व्हॉल्व्ह. जवळच्या आणि लहान टाकीचा व्हॉल्व्ह दाबून धरायचा, मोठीचा मोकळा सोडायचा. वरच्या टाक्यांतलं पाणी तासाला चार-पाच वेळा फिरलं की पुरे, म्हणजे हजार-बाराशे लिटर. पण पंपाच्या डब्यावरचा आकडा पाहून फसू नका. तो आकडा उंचीशिवायचा असतो. ताशी अडीच हजार लिटर लिहिलेला पंप चार-साडेचार फूट चढवताना निम्म्यावर येऊ शकतो. प्रत्येक काटकोनी एल्बो आणखी थोडं पाणी खातो. जमेल तिथे लांब वळणाचा बेंड घ्यावा. पंपाजवळ युनियन बसवायला विसरू नये, नाही तर पंप धुवायला काढताना पाइप कापावा लागतो.

सामान प्लास्टिकचंच हवं. पीव्हीसी चालतो, मात्र चिकटवलेले सांधे पूर्ण वाळू द्यावेत आणि एकदा साध्या पाण्यानं धुवावेत. धोका पितळेचा. दुकानात मिळणाऱ्या कित्येक जोडण्यांत आतून पितळी आटे असतात. खारं पाणी त्यातलं तांबं सोडवतं आणि तांबं कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ यांना विष आहे. मासा तगेल, बाकीचे जीव मरतील आणि का मेले ते कळणारही नाही. विजेच्या प्रत्येक वायरला सॉकेटकडे जाण्याआधी खाली झोळ द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब झोळाच्या तळाशी गळतो, सॉकेटमध्ये शिरत नाही. आणि गळतीचा करंट लागताच वीज तोडणारा ब्रेकर बसवल्याशिवाय खाऱ्या पाण्यात हात घालू नये.

आमच्याकडच्या हवेत पाणी फार उडतं. गंमत अशी की वरच्या टाक्यांची पातळी तसूभरही हलत नाही, कारण ती सांडव्यानं बांधलेली. सगळी घट खालच्या टाकीत दिसते. पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. त्यासाठी छोटा बॉलकॉक लावता येतो. पण तो गच्चीवरच्या टाकीला थेट जोडू नका. अडकला तर रात्रभर गोडं पाणी येत राहील आणि मासे मरतील. पाच-सात लिटरच्या डब्याला जोडा. अडकला तरी नुकसान डब्यापुरतंच. बोअरचं पाणी चालत नाही, त्यात क्षार फार. आरओचं घ्यावं आणि टीडीएस मीटरचा आकडा शून्याच्या जितका जवळ तितकं बरं. उन्हाळ्यात पाणी सत्तावीस अंशांच्या वर जाऊ लागतं. खालच्या टाकीवर छोटा पंखा सोडला की ते दोन-तीन अंश उतरतं, माठाचंच तत्त्व. मात्र भर घालायचं पाणी वाढतं.

सगळं जोडावं, पण एक टाकी जोडू नये. नवा किंवा आजारी मासा ठेवण्याची टाकी वेगळी हवी. जोडलेल्या टाक्यांत एकाचं पाणी ते सगळ्यांचं पाणी. सुखात तसं रोगातही. औषधही सगळ्यांनाच प्यावं लागतं आणि माशांच्या औषधांत बहुधा तांबं असतं.

राहिला अम्मीचा प्रश्न. त्याला मी टाळणार नाही. आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचं म्हणजे पंचवीस लिटर. रोज तीन लिटर उडतं ते एकवीस. मिळून सेहेचाळीस लिटर, म्हणजे वीस लिटरचे सव्वादोन जार. उन्हाळ्यात आणखी. घरच्या आरओनं एक लिटर गाळताना दोन-तीन लिटर वाया जातं, ते वेगळंच. टँकरच्या वाटेकडे डोळे लावणाऱ्या गावात हा आकडा लहान नाही. भाच्याच्या मनात आणखी एका टाकीचा बेत होता. तो त्यानं या हिशेबानंतर सोडला. आरओचं वाया जाणारं पाणी आता भांडी घासायला, फरशी पुसायला आणि संडासात जातं. आणि बदललेलं खारं पाणी? ते झाडाला घालायचं नाही, नालीत सोडायचं नाही, आडाजवळ ओतायचं तर मुळीच नाही. पंचवीस लिटरमध्ये पाऊण किलोहून जास्त मीठ असतं, काही महिन्यांत ते जमीन मारतं. भाचा ते गच्चीवर पसरट टबात उन्हात ठेवतो आणि उरलेलं मीठ पोत्यात भरतो. पावसाळ्यात टबावर पत्रा टाकावा लागतो. टाकी घेण्यापूर्वी हा प्रश्न कुणी विचारत नाही, पण पाइपाचं शेवटचं टोक तिथे असतं.

दुसऱ्यांदा टाक्या मांडल्या त्या आधी ओसरीवर, साध्या पाण्यावर. पंप बंद ठेवून, वरचं उतरायचं तेवढं पाणी उतरू देऊन खालची टाकी काठाखाली दोन इंचांपर्यंत भरली. मग पंप चालू केला. खालचं पाणी जिथे येऊन स्थिर झालं तिथे काचेवर लाल रंगानं रेघ ओढली. चालू टाकीत या रेघेच्या वर कधीही पाणी भरायचं नाही, हा त्या घराचा कायदा. मग वीज घालवून पाहायची, एकदा नव्हे, दहा-वीस वेळा. राखीव नळी तपासायला रोजच्या नळीत मुद्दाम बोळा कोंबून पाहायचा. मीठ आणि मासे त्यानंतर.

शेवटची चाचणी आत, खोलीत झाली. भाच्यानं बटण नानीला बंद करायला सांगितलं. अम्मीनं ते दाबलं आणि कमरेवर हात ठेवून फरशीकडे पाहत उभी राहिली. खालच्या टाकीतलं पाणी दोन इंच चढलं, नळीत हवा शिरल्याचा ‘सुर्र’ आवाज झाला आणि सगळं थांबलं. फरशी कोरडी होती. अम्मी काही बोलली नाही. थोड्या वेळानं तिनं माझ्या वह्यांचा गठ्ठा उचलला आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)